गमरेकाकांचा वॉल्ट्झ

भांडायचं ठरवूनच मी जिना चढले होते. रमझान चालू होता. संदेश, म्हणजे माझा नवरा, रात्रभर मीना सलमान बंदरातल्या कोल्ड स्टोरेजमधून गाडी भरून दुकानादुकानांत मासे पोचवून सकाळी आडवा झाला होता, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, कुणीतरी पाय आपटत होतं. एकदा जोरात, दोनदा हळू. पुन्हा एकदा जोरात, दोनदा हळू. सोबत कसलंतरी व्हायोलिनचं गाणं. आदल्या शुक्रवारी दात-ओठ खाऊन ऐकून घेतलं होतं. या शुक्रवारी ओढणी खांद्यावर टाकली आणि निघाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर आत गमरेकाका आणि श्रावस्तीकाकी एकमेकांना धरून उभे! साठीच्या माणसांच्या घरात न विचारता शिरू नये हे मला तेव्हा कळलं. काकी माझ्याहून जास्त लाजली. काकांच्या दंडावरचा हात काढून ती तडक स्वयंपाकघरात गेली. काका मात्र तसेच उभे राहिले. पाठ ताठ, डावा हात हवेत, आणि उजवा हात जिथे आत्तापर्यंत काकीची पाठ होती तिथे.

"ये दीप्ती," ते म्हणाले. "वॉल्ट्झ आहे."

"असूं दे की," मी म्हटलं. "खाली माणूस झोपलाय माझा."

गमरेकाका म्हणजे उज्ज्वल गमरे, खेडजवळच्या एका वाडीतले. आम्ही गुहागरचे, म्हणजे तसे शेजारचेच, पण ओळख झाली ती बहारीनला येऊन, बुसैतीनच्या या बिल्डिंगमध्ये. संदेश ज्या कोल्ड स्टोरेजमधून मासे उचलतो तिथली सगळी रेफ्रिजरेशनची यंत्रं काकांच्या ताब्यात. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत मासा दगडासारखा ठेवायचा हे त्यांचं काम, आणि गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही मासा खराब होऊ दिला नाही असं संदेश सांगतो. काकी एका शाळेच्या ऑफिसात होती. मुलगा पुण्याला नोकरीला. जूनमध्ये व्हिसा संपणार होता आणि दोघं कायमची खेडला परतणार होती. घरात अर्धी खोकी भरूनही झाली होती. सोफा विकून टाकलेला, म्हणूनच तर नाचायला जागा झाली होती.

"एवढंच राहिलंय," काका मला म्हणाले. "एकदा स्टेजवर, चार लोकांसमोर, हिच्याबरोबर वॉल्ट्झ करायचा. मग खलास. मग गावाला जाऊन आंब्यांना पाणी घालत बसतो."

"ह्या वयात?" मी म्हटलं. मला तोंड आवरत नाही.

"एकविसाव्या वर्षी राहिला, म्हणून ह्या वयात."

स्वयंपाकघरातून काकीचा आवाज आला, "तिला सांगा, मी साडीच नेसणार. झगा बिगा नाय घालणार. आणि नाचताना त्या रशियन बाईचं नाव नाय काढायचं. ह्या दोन अटींवर मी हो म्हटलंय."

मग माझ्याही अटी झाल्या. गाणं बंद. बूट बंद. संदेश झोपलेला असेल तेव्हा पायात मोजे आणि पाऊल असं टाकायचं की खाली पाल सरकली तरी ऐकू यावी. काकांनी सगळं निमूट मान्य केलं. त्या दिवसापासून त्या दोघांनी मुकाट्यानं सराव केला. मी अधूनमधून चहा घेऊन वर जायची, तर गाणं नाही की सूर नाही. मोजे घातलेली दोन माणसं रिकाम्या दिवाणखान्यात फिरतायत आणि काका ओठातल्या ओठात मोजतायत: रास, द्वा, त्री. काकी वैतागायची. "मराठीत मोजा की! मला काय कळतंय द्वा नि फ्वा!" मग काका एक-दोन-तीन म्हणायचे आणि दोन गिरक्यांनंतर परत रास-द्वा-त्रीवर यायचे. पाय ज्या भाषेत शिकले त्या भाषेतच त्यांना ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं.

ही रशियन भानगड काय आहे ते मला हळूहळू कळलं. एकदम सांगणाऱ्यातले ते नाहीत. चहाच्या एकेका कपाला एकेक तुकडा.

त्यांचे वडील खेडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि युनियनचं काम करायचे. त्या ओळखीतून पोराला सोव्हिएत देशाची शिष्यवृत्ती मिळाली. खारकोव शहर, पाच वर्षं, रेफ्रिजरेशनचं शिक्षण. वाडीतून बाहेर पडून थेट बर्फात. तिथे विद्यार्थ्यांसाठी एक सांस्कृतिक भवन होतं आणि त्यात संध्याकाळी नाचाचे वर्ग चालायचे. एका दालनात लोकनृत्य, दुसऱ्या दालनात जोडीचे नाच.

काका सांगायचे, "लोकनृत्याचा तिथे काय थाट! सरकारच पैसा देणार. प्रत्येक प्रांताचा नाच, प्रत्येकाचा पोशाख. मुली सगळ्या एका उंचीच्या, सगळ्या एकदम हसणार, एकदम पाय उचलणार. खेड्यातली बाई अशी नाचत असेल का गं कधी? पण तो म्हणे जनतेचा नाच. आणि पलीकडचा तो साहेब लोकांचा नाच. पूर्वी तर तो पार नजरेतून उतरलेला. आमच्या बाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी फॉक्सट्रॉट हे नाव नको म्हणून त्याला नुसतं 'जलद नाच' म्हणायचे. नाव बदललं, पाय तेच. माझ्या वेळेपर्यंत सगळं सैल झालं होतं, शाळा होती, स्पर्धा होत्या, पण तरी त्या दालनाचा पडदा आधी फाटायचा आणि उशिरा शिवला जायचा."

बाई म्हणजे जिचं नाव नाचताना काढायचं नाही ती लुद्मिला स्तेपानोव्हना. पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, आवाज करवतीसारखा. काका दारात उभे राहून बघत होते म्हणून तिनं त्यांना आत बोलावलं. जोडीदार म्हणून स्वतःच उभी राहिली. काकांनी हात पुढे केला तो लांबून, बोटांच्या टोकानं. बाई ओरडली, "जवळ ये! मी काही चूल नाही, भाजणार नाहीस." आणि त्यांचा हात धरून तिनं स्वतःच्या पाठीवर नीट बसवला.

हे सांगताना काकांचा चहा नेहमी गार व्हायचा. "दीप्ती, आमच्या वाडीतलं पाणी वेगळं, वाट वेगळी. मी दहावीपर्यंत गावातल्या कुणाच्या ओसरीवर पाय ठेवलेला नाही. आणि ही बाई, प्रोफेसर, म्हणते जवळ ये. मला रडूच आलं. तिला वाटलं पाय दुखावला."

मला गुहागर आठवलं. आमच्या गावच्या शिमग्यात पालखीपुढे खालू वाजायचा. सनई, ढोल, टिमकी, आणि वाजवणारेच वाजवता वाजवता फेर धरून नाचायचे. ते कोण, हे आम्हा पोरांना कुणी सांगायचं नाही. पण पालखी अंगणात आली की ते कुठे थांबतात ते आम्हाला पाठ होतं.

काकांच्या आजोबांकडे त्यांच्या गावचा ढोल होता. शिमगा आला की बोलावणं यायचं, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. पोटात काही असो नसो, नाचायचं, आणि दारोदारचं उरलंसुरलं घेऊन घरी यायचं. मग धम्मदीक्षा झाली. पुढच्या शिमग्याला आजोबा गेले नाहीत. गावानं काम बंद केलं, वाट अडवली, तरी गेले नाहीत. ढोलाचं कातडं त्यांनी स्वतःच्या हातानं कापलं आणि नुसतं लाकडी खोड परसात टाकून दिलं. आजीनं त्यात पेंढा घालून कोंबडी अंड्यांवर बसवली. "आमच्या घरचा ढोल मी कधी ऐकला नाही," काका म्हणायचे. "त्यातून पिल्लं तेवढी निघालेली पाहिली." आजोबांनी घरात एकच ताकीद दिलेली होती: सांगितलं म्हणून नाचायचं नाही.

आणि खारकोवमध्ये नेमकं तेच सांगणं आलं. एक मेच्या मैत्री-संध्येला प्रत्येक देशाच्या विद्यार्थ्यांनी आपला लोकनृत्याचा कार्यक्रम करायचा होता. भवनाच्या संचालकानं काकांना बोलावलं. काका म्हणाले, आम्ही नाचत नाही. संचालक म्हणाला, नाचत नाही असे लोक जगात नसतात. तेव्हा काकांनी त्याला सगळं खरं सांगितलं: आजोबा, पालखी, उरलंसुरलं. त्यांना वाटलं, हे ऐकून हा माणूस तरी सोडेल, हा तर समतेच्या देशातला. त्या माणसाचे डोळे भरून आले. टेबलावर हात आपटून तो म्हणाला, "हाच! हाच खरा श्रमिकांचा नाच! हाच करायचा!"

मी हसले आणि मग हसू गिळलं, कारण काका हसत नव्हते.

सौदा असा ठरला की काकांनी एक मेला खालू करायचा, म्हणजे महिन्यानंतरच्या जोडनृत्याच्या प्रदर्शनात त्यांना वॉल्ट्झसाठी उभं केलं जाईल. काकांनी मान्य केलं. एकवीस वर्षांचं पोर, वॉल्ट्झसाठी वेडं झालेलं. लाल रेशमी कमरपट्टा आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून त्यांनी स्टेजवर खालू केला, कधी न शिकलेला, शिमग्यात लांबून पाहिलेला. संचालकानं पडद्याआडून खूण केली, हस, दात दिसू देत. ते हसले. सभागृह ठेक्यावर टाळ्या वाजवत होतं. बक्षीस मिळालं, फोटो लागला. मग प्रदर्शनाची वेळ आली तेव्हा वर्गातल्या त्यांच्या जोडीदार मुलीबरोबर दुसराच मुलगा उभा होता. संचालक त्यांचा खांदा थोपटून म्हणाला, "वॉल्ट्झ काय, सगळेच करतात. तुमचा नाच इतका सुंदर आहे, तुम्हाला आमचा कशाला?" लुद्मिला बाई भांडल्या, पण त्यांचं ऐकतो कोण.

"आजोबांनी कातडं कापलेला ढोल मी तिकडे जाऊन वाजवला," काका म्हणाले. "आणि बदल्यात काय मिळालं, टाळ्या."

त्या भवनाचं युद्धात काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. बातम्यांत खारकोव आलं की ते टीव्ही बंद करतात.

तर अशी ही गोष्ट आणि असा हा हट्ट. पण स्टेज कुठलं? त्यांच्या स्वतःच्या लोकांचा चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता, तिथे काकांनी आधी विचारलं. तिथले लहूभाऊ, वेल्डर आहेत, काकांहून मोठे, त्यांनी कपाळाला हात लावला. "दादा, आपल्या मानसांनी नाच सोडला तो काय बायकूच्या कमरंला हात घालून नाचायला?"

"सोडला तो दुसऱ्याच्या दारातला, लहूभाऊ," काका म्हणाले. "आणि हात कमरेला नसतो. पाठीला असतो."

लहूभाऊंना काही तो फरक पटला नाही. मग राहिलं आमचं मित्रमंडळ. एक मेला आमच्याकडे महाराष्ट्र दिन असतो, इथे कामगार दिनाची सुट्टीही असते, त्यामुळे मनामात मोठा हॉल घेऊन कार्यक्रम होतो आणि निवेदन गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मी तेजस्वीला फोन केला. तेजस्वी हा आमचा सांस्कृतिक सचिव, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, साताऱ्याचा, मनानं भला, पण एकदा डोक्यात काही शिरलं की दुसरं आत शिरत नाही. यंदा त्याच्या डोक्यात 'लोकरंग' शिरला होता. लावणी, कोळीनृत्य, गोंधळ, सगळं अस्सल पाहिजे. गमरेकाका खेडचे आहेत हे कळल्यावर तो दुसऱ्याच दिवशी बुसैतीनला हजर.

"काका, खालू!" तो उभ्या उभ्याच म्हणाला. "आख्ख्या गल्फमध्ये कुणी दाखवला नसेल. तुमच्या रक्तात आहे तो. आपण त्याला मानानं स्टेजवर आणू."

"तेजस्वी, मला वॉल्ट्झ करायचाय."

"करा की! शेवटी पाच मिनिटं देतो. पण आधी खालू. काका, वॉल्ट्झ काय, कुणीही करतं. खालू तुमच्याशिवाय कोण करणार?"

काकी चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी काकांकडे पाहिलं. वाटलं आता भडकणार. पण ते शांतपणे म्हणाले, "हा सौदा मी एकदा केलाय, बाळा. परत नाही करणार. वॉल्ट्झ असेल तर येतो. नसेल तर खाली बसून टाळ्या वाजवतो. राग नाही."

"पण लोकरंगात वॉल्ट्झ बसवायचा कुठे? लोकांना काय सांगू?"

"सांग की रेफ्रिजरेशनवाला एक म्हातारा बायकोबरोबर नाचतोय. आम्हीही लोकच आहोत."

तेजस्वी हिरमुसून गेला. नंतर आठवडाभर मी त्याच्या मागे लागले. मेसेज, फोन, शेवटी त्याच्या बँकेत जाऊन बसले. मी म्हटलं, गमरेकाकांचा वॉल्ट्झ नाही तर निवेदनही नाही, तूच उभा राहा माइकसमोर आणि लावणीवाल्यांची नावं चुकव. त्यानं हात टेकले. "बरं ताई. देतो. काकांना गाणं पाठवायला सांगा." काकांनी गाणं पाठवलं. काकीनं निळ्या काठाची पांढरी साडी काढून इस्त्री केली. काकांनी मनामाच्या टेलरकडे काळा कोट शिवायला टाकला आणि नवे चामडी बूट घेतले, ते घरात घालून चालायचे नाहीत असं मीच बजावलेलं, म्हणून ते खोक्यातच राहिले.

सरावाला आता जोर आला होता. काकीचा गुडघा दुखायचा, रात्री ती तेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायची. एकदा मी विचारलं, "काकी, तुम्हाला खरंच करायचाय का हा नाच, का आपलं ह्यांच्यासाठी?" ती म्हणाली, "पहिल्यांदा ह्यांच्यासाठीच. आता नाय. आता मला स्वतःलाच वाटतं, एकदा सगळ्यांनी बघावं. आयुष्यभर लोकांनी आमच्याकडून काय करून घ्यायचं ते ठरवलं. हे आम्ही ठरवलंय." मग लगेच म्हणाली, "पण भीती वाटते गं. तिथे मी थिजले तर?"

एक मे उजाडला. हॉल खच्चून भरला होता. लावणी झाली, कोळीनृत्याला वन्स मोअर मिळाला. लहूभाऊ मागच्या रांगेत घडी घातलेल्या हातांनी बसले होते, पण आले होते. संदेशनं शिफ्ट बदलून घेतली होती. मी माइकवर काकांचं नाव घेतलं, वॉल्ट्झ म्हणून सांगितलं आणि विंगेत सरकले. काका-काकी हातात हात घालून आले, स्टेजच्या मध्ये थांबले. काकांनी डावा हात वर केला, उजवा हात काकीच्या पाठीवर ठेवला. काकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आणि ढोल वाजला.

व्हायोलिन नाही. ढोल, टिमकी, वर सनई. खालू! मी गर्रकन वळून पाहिलं. तेजस्वी लॅपटॉपजवळ उभा होता, चेहरा आनंदानं फुललेला, मोबाइलमध्ये शूटिंग चालू. मला पाहून हळूच म्हणाला, "सरप्राइज! बघा ताई, एकदा ढोल वाजला की पाय आपोआप उचलतील. रक्तातच आहे. नंतर लावतो ना वॉल्ट्झ."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. तो खरोखरच काकांना मान देत होता. म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या, ठेक्यावर. कुणी शिट्टी मारली, "काका, होऊन जाऊ दे!" काका हलले नाहीत. हात खाली घेतले नाहीत, पाऊल उचललं नाही, हसले नाहीत. वॉल्ट्झच्या त्याच पवित्र्यात, काकीला धरून, पाठ ताठ ठेवून नुसते उभे राहिले. मानेची शीर तेवढी उडत होती. ढोल वाजत राहिला आणि ते उभे राहिले. टाळ्या चुकत गेल्या, विरळ झाल्या, थांबल्या. आता भरल्या हॉलमध्ये नुसता ढोल होता आणि त्याच्यासमोर न नाचणारी दोन माणसं. मी वायर उपटायला धावले, पण मी पोचायच्या आत तेजस्वीनंच हात पुढे करून ते बंद केलं. त्याच्या तोंडावर रंग उरला नव्हता. "सॉरी," तो पुटपुटला आणि दुसरं गाणं शोधायला लागला. सापडेना.

कुणीतरी खोकलं. मला वाटलं, आता हे खाली उतरणार. इतकी वर्षं वाट पाहून, इतक्या जवळ येऊन, परत तेच. काकांचे ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर हा हॉल होता की तो दुसरा, देव जाणे.

आणि काकीनं मान वर केली. मराठीत मोजा म्हणून दोन महिने भांडलेली आमची श्रावस्तीकाकी, खणखणीत आवाजात, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "रास! द्वा, त्री. रास, द्वा, त्री."

काकांनी पाऊल टाकलं.

गाण्याची त्यांना गरजच नव्हती. माझ्याच घराच्या छतावर त्यांनी गाण्याशिवाय नाचायची सवय केली होती. पहिली गिरकी थोडी अडखळली, दुसरी नीट झाली. पण सवयीनं दोघंही पाऊल दबकत टाकत होते, खाली माणूस झोपल्यासारखं, आणि त्या लाकडी स्टेजवर नवे कोरे बूट असून आवाज नाही. मला ते सहन होईना. हातात माइक आहे हे विसरून मी ओरडले, "काका, पाय वाजूं देत! झोपलेलं नाय कुणी!"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. काका गिरकी घेता घेता हसले आणि टाच खाली आणली. ठक. मागोमाग काकीचे दोन हलके पाय. एकदा जोरात, दोनदा हळू. तोच आवाज, ज्याच्यासाठी मी भांडायला जिना चढले होते. आता तो आख्ख्या हॉलमध्ये घुमत होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागच्या रांगेत लहूभाऊंची घडी सुटली होती. नीट दिसावं म्हणून ते उभे राहिले होते.

तेवढ्यात तेजस्वीला गाणं सापडलं. बिचाऱ्यानं घाईघाईनं लावलं, आणि व्हायोलिनचे सूर मोठ्यानं स्टेजवर आले. काका-काकी फिरत फिरत आमच्या विंगेजवळून चालले होते. काकीनं मान वळवली. चेहरा घामानं निथळत होता आणि त्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

"बंद कर रे ते!" ती तेजस्वीला म्हणाली. "आमचं मोजणं चुकतं."

त्यानं बंद केलं. काकांनी तिला वळवलं आणि दोघं पुन्हा स्टेजच्या मध्याकडे निघाली.